अ‍ॅप तयार झाले. पण ते पारखले कोणी?

नवे मोबाइल अ‍ॅप गूगलच्या प्ले स्टोअरवर ठेवू इच्छिणाऱ्यास आता एक अट पाळावी लागते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्यांनी वैयक्तिक खाते उघडले, त्यांना अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी मर्यादित चाचणी घ्यावी लागते आणि तीत काही किमान माणसे सलग चौदा दिवस सहभागी असावी लागतात. प्रारंभी ही संख्या वीस होती. डिसेंबर २०२४ मध्ये ती बारावर आणण्यात आली. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथे संगणकशास्त्र वा माहिती तंत्रज्ञान शिकणाऱ्या ज्या मुलामुलींना आपला प्रकल्प जगापुढे मांडण्याची उमेद आहे, त्यांच्यासमोर ही अट उभी राहते. रात्री जागून अ‍ॅप तयार केलेले असते, नोंदणीचे पंचवीस डॉलर कसेबसे भरलेले असतात, आणि मग प्रश्न उरतो तो बारा माणसांचा.

वरकरणी क्षुल्लक वाटणारा हा प्रश्न वस्तुतः तसा नाही. घरातील चौघे आणि वर्गातील सहा-सात मित्र यांच्याकडून अ‍ॅप उतरवून घेतले की संख्या भरते. परंतु दुसऱ्या दिवसापासून त्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. अशा वेळी दुसरा मार्ग खुणावतो. ठरावीक रक्कम घेऊन बारा नावे पुरविणारे लोक आज उपलब्ध आहेत. पैसे द्यायचे नसल्यास देवाणघेवाणीचीही सोय आहे: तू माझे अ‍ॅप घे, मी तुझे घेतो, दोघांनीही ते उघडण्याचे कारण नाही. चौदा दिवस सरतात, अट कागदोपत्री पूर्ण होते आणि ज्यासाठी ती घातली होती तो हेतू मात्र जागच्या जागी राहतो.

नियम आणि पळवाट

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पतधोरणाच्या संदर्भात असे निरीक्षण मांडले होते की, एखाद्या मोजमापावर नियंत्रणाचा भार टाकला की ते मोजमाप विश्वासार्ह राहत नाही. हजेरीच्या टक्केवारीवर परीक्षेला बसण्याचा हक्क अवलंबून ठेवला की वर्गात मन नसलेली शरीरे येऊन बसतात, हे आम्हां शिक्षकांना कोणी सांगावयास नको. बारा नावांचेही तेच होते. नावे मिळतात; नजर मिळत नाही.

यात नुकसान कोणाचे? प्रथम त्या विद्यार्थ्याचेच. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, मालाची खरी प्रत विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकून लावतो. अ‍ॅपच्या बाजारात तर कित्येकदा खुद्द बनविणाऱ्यासही आपल्या मालाची प्रत ठाऊक नसते. कारण ते अ‍ॅप अन्य कोणाच्या हातात कसे चालते हे त्याने पाहिलेलेच नसते. खोटी चाचणी घेऊन आलेले अ‍ॅप पहिल्या आठवड्यातच अडखळते, वापरणारा वैतागून ते काढून टाकतो, आणि पुढच्या वेळी एखाद्या अपरिचित, होतकरू निर्मात्याचे अ‍ॅप घेताना दहादा विचार करतो. एकाच्या पळवाटेची किंमत अशा रीतीने सर्वच नवोदितांना मोजावी लागते.

या नियमात एक उणीव आहे, तीही नमूद केली पाहिजे. संस्थेच्या नावाने उघडलेल्या खात्यांना तो लागू नाही. म्हणजे एकट्या विद्यार्थ्याने बारा माणसे आणावयाची आणि मोठ्या कंपनीने आणली नाहीत तरी चालावयाचे! कंपनीजवळ चाचणीसाठी स्वतःची माणसे असतात, असे यावर म्हणता येईल. ते मान्य केले तरी एक गोष्ट शिल्लक राहते: ज्याचा घाव थोड्यांवर पडणार त्याला नियम, आणि ज्याचा घाव अनेकांवर पडणार त्याला विश्वासाची सवलत. शासकीय व निमशासकीय यंत्रणांकडे पाहिले म्हणजे ही विसंगती अधिकच ठळक होते.

सक्ती आधी, पारख मागाहून

या तीन शहरांतील बहुतेक पदवी महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यामुळे २०१७ सालचा उन्हाळा येथील शिक्षक, कारकून व विद्यार्थी सहजासहजी विसरणार नाहीत. त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांच्या सर्व विद्याशाखांच्या उत्तरपत्रिका एकाच वेळी संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय विद्यापीठाने घेतला. सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिकांचा हा प्रश्न होता. कल्पना मुळात वाईट नव्हती. तपासणी जलद व निर्दोष व्हावी हाच तिचा हेतू होता. परंतु उत्तरपत्रिकांचे स्कॅनिंग, प्राध्यापकांना नव्या पद्धतीची ओळख आणि प्रत्यक्ष तपासणी ही तिन्ही कामे एकाच धांदलीत उरकावी लागली. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, आणि पुढील शिक्षणासाठी अन्यत्र प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलांची अवस्था दयनीय झाली. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. एका विद्याशाखेतील शे-दोनशे प्राध्यापकांना घेऊन एक सत्र ही पद्धत चालवून पाहिली असती, तर तिच्यातील अडचणी शेकड्यांच्या पातळीवरच कळल्या असत्या. त्या लाखांच्या पातळीवर कळल्या.

दुसरे उदाहरण अंगणवाडीचे. पोषण आहाराच्या नोंदींसाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप आणले. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांची तक्रार साधी होती: अ‍ॅपमध्ये इंग्रजीत नोंदी कराव्या लागतात आणि दिलेल्या फोनना ते पेलवत नाही. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी शासनाने दिलेले फोन परत करण्याचे आंदोलन केले. ही गोष्ट कळण्यासाठी आंदोलनाची आवश्यकता होती काय? दहा सेविकांच्या हातात अ‍ॅप देऊन कोणी शेजारी बसले असते, तर एका दुपारी हे उमगले असते.

चाचणी म्हणजे यशाची हमी, असा मात्र याचा अर्थ नव्हे. कोविडच्या लसीकरणापूर्वी जानेवारी २०२१ मध्ये रंगीत तालीम झाली होती. तरीही १६ जानेवारीला लसीकरण सुरू होताच को-विन प्रणालीतील अडचणींमुळे महाराष्ट्राला ते दोन दिवस थांबवावे लागले. प्रत्यक्ष भार पडल्यावरच दिसणारे दोष असतातच. परंतु तालमीतच जे दोष दिसू शकतात तेही प्रयोगाच्या दिवसासाठी राखून ठेवणे, याला शहाणपण म्हणता येणार नाही.

खरा पारखणारा कोण?

आमच्या या पट्ट्याला चाचणीचे महत्त्व परके नाही. अंबरनाथच्या संरक्षण उत्पादन कारखान्यांपैकी एकाच्या नावातच ‘प्रोटोटाइप’ हा शब्द आहे. आधी नमुना घडवावा, तो कसोटीस लावावा आणि मगच उत्पादन वाढवावे, ही यंत्रव्यवसायाची रीत त्या नावात सामावलेली आहे. उल्हासनगरच्या जीन्सच्या धंद्यातही शेकडो नग कापण्याआधी एक नग शिवून, धुऊन पाहण्यातील शहाणपण कोणा मास्तरला शिकवावे लागत नाही. धुतल्यावर कापड किती आटते हे कागदावर कळत नाही. नकली मालाबद्दल या शहराची खूप थट्टा झाली. परंतु अस्सल आणि नक्कल यांतील भेद बोटांनी ओळखणारी माणसे याच बाजारात भेटतात. अशा गावातील मुलांनी बनावट पारखणारे विकत घ्यावेत, हे शोभणारे नाही.

खरा पारखणारा म्हणजे ज्याला ते अ‍ॅप उद्या वापरावे लागणार आहे आणि जो बनविणाऱ्याच्या भिडेला बळी पडणार नाही असा माणूस. आई मुलाच्या अ‍ॅपला नावे ठेवीत नाही. मित्रही ठेवीत नाही. वर्गमित्राची आणखी एक अडचण अशी की, तो त्याच पुस्तकांतून शिकलेला असतो; जेथे सामान्य माणूस अडखळतो तेथे त्याचे बोट आपोआप योग्य जागी पडते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी वसविलेल्या उल्हासनगरात आजही अशी वडीलधारी माणसे आहेत, जी सिंधी भाषा उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या अरबी लिपीत वाचतात. कॅम्प दोनमधील अशा एखाद्या दुकानदार काकांच्या हाती हिशेबाचे अ‍ॅप द्यावे. बदलापूरहून पहाटेची गाडी पकडणाऱ्या आणि गर्दीत एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने फोन चालविणाऱ्या ताईंच्या हाती गाड्यांच्या वेळांचे अ‍ॅप द्यावे. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील, पडद्याला तडा गेलेला चार वर्षांपूर्वीचा फोन बाळगणाऱ्या कामगाराच्या हाती पाळ्यांच्या नोंदींचे अ‍ॅप द्यावे. ही तीन माणसे जे सांगतील ते बारा विकतची नावे वर्षभरातही सांगणार नाहीत.

जागेचे महत्त्वही कमी नाही. उपनगरी रेल्वेची तिकिटे मोबाइलवर देण्यास २०१४ च्या डिसेंबरात मुंबईतून प्रारंभ झाला, तेव्हा तिकीट तपासनीस दिसताच तिकीट काढण्याची युक्ती कोणी करू नये म्हणून रुळांपासून ठरावीक अंतराच्या आत ते काढता येऊ नये, अशी योजना पुढे करण्यात आली. हेतू रास्त होता. पण ज्याचे घर वा दुकान रुळांना खेटून आहे, त्याचा फोन त्याला कोठे उभा असल्याचे दाखवील? या प्रश्नाचे उत्तर कचेरीत बसून मिळत नाही. त्यासाठी स्टेशनाबाहेरच्या गल्लीतच उभे राहावे लागते.

काय करता येईल?

बारा माणसे शोधणे अशक्य नाही. मात्र पद्धत हवी. अ‍ॅप वापरण्याजोगे आहे की नाही याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००० साली असे प्रतिपादन केले की, अवघ्या पाच माणसांच्या चाचणीतून सुमारे ८५ टक्के दोष उघडकीस येतात; वापरणारे गट भिन्न असतील तर प्रत्येक गटातून काही माणसे घ्यावीत. त्यांच्या आकड्यावर वाद होऊ शकेल, पण मथितार्थ उपयुक्त आहे: एकदाच पुष्कळ माणसे जमविण्यापेक्षा थोडी माणसे घ्यावीत, दोष सुधारावेत आणि पुन्हा थोडी घ्यावीत. पारखणाऱ्याला एक निश्चित काम सांगावे आणि मग आपण गप्प बसावे. ‘येथे दाबा’ असे सांगण्याचा मोह आवरला नाही, तर ती चाचणी न राहता शिकवणी होते. तो कोठे थांबला, कोठे चुकला, कोठे चिडला, एवढेच टिपून ठेवावे.

ज्याचा वेळ घेतला त्याचे ऋण मानणे हाही या व्यवहाराचा भाग आहे. रोजंदारीवरील माणसाचा अर्धा तास फुकट नसतो. त्याला त्या वेळेचा मोबदला द्यावा. त्यामुळे साक्ष विकत घेतल्यासारखे होत नाही. विकत घेऊ नये ते त्याचे मत. चाचणीसाठी त्याचा आधार क्रमांक वा बँकेचा तपशील मागू नये. काल्पनिक माहितीवर काम भागते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि कायदा नसता तरी सभ्यता होतीच. शेवटी, त्याच्या सांगण्यावरून काय बदलले ते त्याला जाऊन सांगावे. एकदा असे घडले की तो पुढच्या वेळी आपण होऊन येतो.

महाविद्यालयांनाही येथे कर्तव्य आहे. प्रकल्पाचे गुण देताना अ‍ॅप किती देखणे आहे याबरोबरच ते कोणी पारखले व त्यातून काय सुधारले याच्या अहवालास गुण ठेवावेत. तिन्ही शहरांतील महाविद्यालयांनी मिळून पारखणाऱ्यांची एक समाईक यादी ठेवली आणि तीत ग्रंथालयातील सेवक, कार्यालयातील कारकून, राष्ट्रीय सेवा योजनेतून ओळखीची झालेली वस्तीतील माणसे व वाणिज्य-कला शाखांचे विद्यार्थी यांना त्यांच्या संमतीने घेतले, तर एकट्या विद्यार्थ्याला दारोदार फिरावे लागणार नाही. या कामास वेळ लागतो व परीक्षेच्या वेळापत्रकात तो बसत नाही, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. परंतु घाईने वाचविलेला वेळ मागाहून कोणाच्या वाट्याला दुप्पट होऊन येतो, ते २०१७ ने दाखविले आहे.

आणि हाच न्याय वरच्यांनाही लागू व्हावा. उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ नगरपरिषद, कुळगाव-बदलापूर नगरपरिषद, विद्यापीठ वा राज्य शासनाचे एखादे खाते यांपैकी कोणीही अ‍ॅप सक्तीचे करण्यापूर्वी, ज्यांच्यावर सक्ती होणार त्यांच्यापैकी काहींनी ते किती दिवस वापरले, त्यांनी कोणते दोष सांगितले व त्यांपैकी किती दूर झाले, हे जाहीर केलेच पाहिजे. प्ले स्टोअरवरील अ‍ॅप आवडले नाही तर माणूस ते काढून टाकू शकतो. शिक्षकाला हजेरीचे, सेविकेला पोषणाचे वा विद्यार्थ्याला प्रवेशाचे अ‍ॅप काढून टाकता येत नाही. जेथे नकार देण्याची मुभा नाही, तेथे आधी विचारण्याचे बंधन अधिक कडक असावयास हवे. एकोणीस-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडून जग बारा साक्षीदार मागते. लाखो माणसांवर हुकूम सोडणाऱ्यांकडून ते मागण्याचा अधिकार नागरिकांना आहे, आणि तो त्यांनी बजावला पाहिजे.