काजूचा हंगाम, गोचिडीचा ताप

दोडामार्ग आणि सावंतवाडीच्या डोंगरउतारांवर डिसेंबर-जानेवारीत काजूला मोहोर येतो. पुढे फेब्रुवारी ते मे घरातले प्रत्येक हाताचे माणूस बागेत असते. बोंडू पिळून बी वेगळी करायची, वाळवायची आणि भाव बरा असेल त्या दिवशी विकायची. वर्षभराचा रोख पैसा बहुतेक घरांत या चार महिन्यांतच येतो. माकडतापाचा हंगामही नेमका हाच आहे. हा योगायोग नाही, आणि या आजाराचा विचार करताना तो विसरून चालत नाही.

शास्त्रीय भाषेत याला ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ म्हणतात. 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत लोक तापाने फणफणले. पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) शास्त्रज्ञांना आधी पीतज्वराची शंका आली. निघाला तो रशियातील गोचिडीमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराचा भाऊबंद. स्थलांतरित पक्ष्यांनी तो सैबेरियातून आणला असेल का, याचीही तेव्हा बरीच चर्चा झाली.

पुढची अनेक दशके हा कर्नाटकातील काही तालुक्यांचाच आजार समजला जाई. 2012 नंतर मात्र तो बंडीपूर, निलगिरी, वायनाडला दिसला. 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये आपल्या दोडामार्ग तालुक्यातील केर परिसरात रुग्ण सापडले. विषाणूला राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. सह्याद्रीची ओली, सदाहरित रानपट्टी मात्र ठाऊक असते.

नावामुळे एक मोठा गैरसमज झाला आहे. माणसाला हा आजार माकडामुळे नाही, गोचिडीमुळे होतो. हा विषाणू रानातले उंदीर, चिचुंद्र्या आणि गोचिडी यांच्यात फिरत असतो. वानर आणि आपल्याकडे ज्याला केलडे म्हणतात ते माकड, ही दोन्ही त्याला बळी पडतात. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या संसर्गित गोचिडी खाली उतरतात आणि त्या जागेचा धोका एकदम वाढतो. माणसाला चावते ती बहुधा गोचिडीची पिल्लू अवस्था. ती खसखशीच्या दाण्याएवढी असते, चावल्याचे कळतही नाही. पावसाळा संपल्यावर पाचोळा सुकतो तसतशी ही पिल्ले वाढत जातात, आणि त्याच पाचोळ्यात बसून आपली बायामाणसे बोंडू वेचत असतात.

गुरे स्वतः आजारी पडत नाहीत, पण प्रौढ गोचिडीला रक्त पुरवतात आणि तिची संख्या वाढवतात. रानात चरून आलेली गाय गोचिडी गोठ्यापर्यंत आणते. त्यात आपली आणखी एक सवय भर घालते. गोठ्यात अंथरायला, तरवा भाजायला रानातून पातेरा आणायचा आणि घरालगत रचून ठेवायचा. शिमोग्यातील 2011-12 च्या उद्रेकाच्या अभ्यासात रानात जाणे आणि गुरे हाताळणे यांच्याबरोबरच अंगणालगतचे पाचोळ्याचे ढीग हेही आजाराशी जोडलेले आढळले. म्हणजे जो रानात गेलाच नाही, त्यालाही ताप येऊ शकतो. घरी असलेल्या आजीला ताप आला म्हणून हा आजार नसेल, असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

गोचीड चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी वाजून ताप येतो. डोके आणि अंग विलक्षण दुखते, डोळे लाल होतात, उलट्या-जुलाब होतात. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटतात, त्यामुळे डेंग्यूची गल्लत सहज होते. काही रुग्णांत ताप उतरून एक-दोन आठवडे बरे गेल्यावर तो परततो, आणि या वेळी मेंदूवर परिणाम होऊन झटके किंवा भ्रम दिसतो. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. विषाणूवर खास औषध नाही. सलाईन, रक्तदाबावर नजर, रक्तस्राव झाल्यास रक्तघटक, इतकेच आपल्या हातात असते. पण ते वेळेवर मिळाले तर बहुतेक रुग्ण वाचतात. तापासाठी पॅरासिटामॉलच घ्यावे; अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारखी औषधे टाळावीत, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. माणसापासून माणसाला हा ताप होत नाही, म्हणून रुग्णाला वाळीत टाकण्याचे कारण नाही.

अडचण ‘वेळेवर’ या शब्दात आहे. या गावांच्या वाड्या डोंगरभर विखुरलेल्या. एसटी दिवसातून मोजक्याच वेळा. अंगावर ताप काढून आणखी दोन दिवस बी वेचली तर तेवढे पैसे जास्त, असा हिशेब माणूस करतो. तो अडाणीपणाचा हिशेब नाही. मजुरी बुडाली तर ती कोणी भरून देत नाही. मग चौथ्या-पाचव्या दिवशी तो येतो. गंभीर रुग्णांना कित्येकदा जिल्ह्याच्या ठिकाणाहून गोव्यातील बांबोळीची वाट धरावी लागते. दोडामार्गकरांना ते वर्षानुवर्षे जवळचे मोठे रुग्णालय आहे.

लशीचे काय, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. कर्नाटकात 1990 पासून एक लस वापरात होती. दोन मात्रांनी सुमारे 62 टक्के आणि वर्धक मात्रेनंतर सुमारे 83 टक्के संरक्षण मिळते, असे तिथल्या आकडेवारीच्या विश्लेषणातून दिसले. टोचल्यावर हात दुखे, वर्धक मात्रा वर्षानुवर्षे घ्यावी लागे, त्यामुळे लोक टाळत. तिची परिणामकारकता घसरल्याने 2022 नंतर वापर थांबला. नव्या लशीसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी काम करत आहेत. ज्या आजाराचे देशात वर्षाला काहीशे रुग्ण, त्याच्या लशीमागे बाजार धावत नाही. ती सरकारनेच पुढे न्यायला हवी.

तोवर गोचीड अंगाला लागू न देणे हाच उपाय. रानात जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट मोज्यांत खोचलेली, उघड्या हातापायांना आरोग्य विभागाकडून मिळणारे डेपा तेल. पाचोळ्यावर थेट बसू नये. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करावी, काखा, जांघा, गुडघ्यांमागे नीट पाहावे. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये. हे सारे वाचायला सोपे आहे. मार्चच्या उकाड्यात, अंगाला चिकटणाऱ्या तेलासकट, उतारावर दिवसभर काम करून पाहा म्हणजे लोक ते का टाळतात हे कळेल.

म्हणून मला वैयक्तिक खबरदारीपेक्षा खात्यांच्या वेळापत्रकाची अधिक काळजी वाटते. गुरांना गोचीडनाशक देणे पशुसंवर्धन विभागाचे, मेलेल्या माकडाची विल्हेवाट आणि भोवती फवारणी वनविभागाच्या सहकार्याची, तेल आणि तपासणी आरोग्याची. एकाची फाईल हलली तरी दुसऱ्याची हलेलच असे नाही. मेलेले केलडे दिसल्यावर शेतकरी कळवत नाही, कारण चौकशी आपल्याच मागे लागेल ही भीती. शिवाय बाग नासवणाऱ्या प्राण्याबद्दल त्याला फारसे सोयरसुतकही नसते. खरे तर ते माकड म्हणजे गावाला फुकट मिळालेली धोक्याची सूचना असते. कळवणाऱ्याला त्रास होणार नाही, एवढी हमी गावसभेत दिली तरी खबर लवकर मिळेल.

रुग्ण कमी झालेल्या वर्षी तेलाची मागणी उशिरा जाते आणि आशाताईंचे प्रशिक्षण पुढे ढकलले जाते. गोचिडीची पिल्ले मात्र डिसेंबरात येतातच. त्यामुळे गुरांचे उपचार, तेलाचे वाटप आणि अंगणालगतचा पातेरा हलवणे ही कामे नोव्हेंबर संपायच्या आत व्हायला हवीत. फेब्रुवारीत पहिला नमुना पॉझिटिव्ह आल्यावर नव्हे.