नॅनो सिल्व्हर: ‘हरित’ शब्द वाचून फवारणी करू नका

नॅनो युरिया 2021 मध्ये खत (नियंत्रण) आदेशात आला आणि ‘नॅनो’ हा शब्द गावागावात पोहोचला. त्यामुळे ‘वनस्पतीपासून बनवलेले नॅनो सिल्व्हर’ असे कोणी सांगितले, की तेही तितकेच तपासलेले असेल असे वाटते. पण युरिया पिकाला नत्र देतो. चांदी हे पिकाचे अन्नद्रव्य नाही. ती जिवाणू-बुरशी मारण्यासाठी वापरली जाते. म्हणून तिचे नियमही वेगळे आहेत.

कण कसे तयार होतात?
पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटाने 2003-04 च्या सुमारास जिरेनियम व कडुनिंबाच्या पानांच्या अर्कातून असे कण तयार केले. सिल्व्हर नायट्रेटच्या विरळ द्रावणात (अनेकदा लिटरला सुमारे 0.17 ग्रॅम) अर्क मिसळला, की त्यातील घटकांमुळे चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि द्रावण पिवळसर-तपकिरी होते. घातक रसायने कमी लागतात, म्हणून पद्धत ‘हरित’. तयार झालेली चांदी मात्र चांदीच राहते.

उपयोग आणि मर्यादा
प्रयोगशाळेत हे कण अनेक रोगकारक बुरशी व जिवाणूंची वाढ रोखतात. गुलाब, जरबेरासारखी कापलेली फुले पाण्यात जास्त दिवस टिकवण्यासाठीही त्यांचे प्रयोग झाले आहेत. पण काचेच्या बशीतला परिणाम शेतात मिळेलच असे नाही. पाने, हंगाम, तापमान बदलले की कणांचा आकार बदलतो आणि परिणामही. शिवाय चांदी मित्र-शत्रू ओळखत नाही; रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, ट्रायकोडर्मा यांनाही तिचा धोका आहे.

खरेदीपूर्वी तपासा
- रोगनियंत्रणाचा दावा असेल, तर कीटकनाशके कायदा, 1968 नुसार नोंदणी क्रमांक लेबलवर हवा.
- पीक, रोग, मात्रा आणि काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी लेबलवर वाचा.
- बाटलीवर ‘जैव उत्तेजक’ आणि तोंडी सांगणे ‘करप्यावर चालते’, असे असेल तर घेऊ नका. खत आदेशातील जैव उत्तेजकाच्या व्याख्येत कीटकनाशके येत नाहीत.
- पक्के बिल घ्या, बाटली जपून ठेवा.

घरी हे द्रावण बनवू नका. सिल्व्हर नायट्रेटने त्वचा व डोळ्यांना इजा होते. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकापूर्वी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे का, हे आधी पाहावे. शिफारस नसेल, तर पिकासाठी नोंदणीकृत औषधच वापरा.