दाबलेली स्प्रिंग कुणाच्या हाती?

मागच्या अंकात आपण टायरची झीज कशी ओळखावी ते पाहिले. त्यावर आलेल्या पत्रांत एका भगिनीने घरातला वाद आमच्यापुढे मांडला आहे. गाडीचे पुढचे शॉकअप गेले आहेत. थोरला मुलगा म्हणतो, मोबाइलवर सगळे दाखवतात, मी अंगणातच बदलतो, मजुरी वाचेल. त्याचे अब्बा म्हणतात, गाडी गॅरेजला दे. अम्मीने बाजू कुणाची घ्यावी?

आम्ही निकाल आधी सांगतो. तपासणी मुलाने घरी जरूर करावी. पुढचे शॉकअप आणि स्प्रिंग बदलण्याचे काम मात्र गॅरेजला द्यावे. पण गॅरेजला दिले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे अब्बांनीही समजू नये.

गाडीत नेमके काय असते

जुन्या ॲम्बेसेडरला आणि फियाटला मागे पाट्यांचे स्प्रिंग असत. १९८३ साली मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांना एक वेगळी रचना घरोघरी पोहोचली. मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने ती १९४० च्या दशकात विकसित केली. तिच्यात शॉकअपची नळी आणि तिच्याभोवतीची गोल स्प्रिंग मिळून एकच खांब होतो. यालाच स्ट्रट म्हणतात. आपले मिस्त्री या संपूर्ण खांबाला शॉकअपच म्हणतात. आज वॅगन-आर, स्विफ्ट, आय-टेन अशा बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे हीच रचना आहे.

दोघांची कामे वेगळी आहेत. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग पुन्हा पुन्हा उसळू नये, म्हणून शॉकअप तिला आवरतो. शॉकअप गेला तर गाडी झोके घेते. स्प्रिंग थकली किंवा तुटली तर गाडी त्या बाजूला बसते.

खडखड म्हणजे शॉकअपच, असे नाही

घरच्या तपासणीचा खरा फायदा इथे आहे. खड्ड्यातून जाताना पुढून खडखड आली की पुष्कळ लोक थेट शॉकअपची जोडी बदलतात, आणि आवाज तसाच राहतो. छोट्या खड्ड्यांवरची खडखड बरेचदा लिंक रॉडची किंवा झिजलेल्या बुशची असते. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना वरून कटकट आवाज आला, किंवा स्प्रिंग टुणकन उडाल्यासारखी वाटली, तर स्ट्रटच्या डोक्यावरचे माउंटिंग आणि बेअरिंग पाहावे. शॉकअपच्या जोडीपेक्षा हे भाग बरेच स्वस्त असतात.

मग शॉकअप गेल्याची खूण कोणती? नळीवर तेल ओघळलेले दिसते आणि त्यावर धूळ चिकटून काळा थर बसतो. ब्रेक मारला की गाडीचे नाक खाली जाते. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एका झोक्यात थांबत नाही. टायरवर हात फिरवला तर चढ-उतार लागतात. स्प्रिंगसाठी सपाट जमिनीवर गाडी उभी करून चारही चाकांच्या वरची उंची टेपने मोजावी. उजव्या-डाव्या बाजूंत डोळ्याला दिसेल असा फरक असेल, तर टॉर्च घेऊन स्प्रिंगचे खालचे वेटोळे पाहावे. ती बहुधा तिथेच तुटते. श्रीवर्धन, मुरूड, रत्नागिरीकडच्या वाचकांनी हे दर पावसाळ्यानंतर पाहावे. खाऱ्या हवेत रंग उडालेल्या स्प्रिंगला गंज लवकर धरतो, आणि गंजलेल्या जागीच तडा जातो.

एवढी तपासणी करायला जॅकसुद्धा लागत नाही. ती करून जो गॅरेजला जातो, त्याला कुणी नको ते भाग विकू शकत नाही.

धोका नेमका कुठे

आठशे-साडेआठशे किलोच्या गाडीत पुढच्या एकेका स्प्रिंगवर अडीचशे किलोच्या आसपास भार असतो. स्ट्रट गाडीतून काढला तरी ती पूर्ण मोकळी होत नाही. वरच्या आणि खालच्या बशीमध्ये ती दाबलेलीच राहते, आणि डोक्यावरचा मधला एकच नट तिला धरून असतो. स्प्रिंग आधी न दाबता कुणी तो नट उघडला, तर वरचे माउंटिंग तोफेच्या गोळ्यासारखे सुटते. समोर जबडा असो, हात असो की छाती, ते थांबत नाही. जगभर अनुभवी कारागीरही यात जखमी झाले आहेत.

म्हणून स्प्रिंग दाबायचे यंत्र लागते. साध्या प्रकारात आकड्यांचे दोन लांब स्क्रू असतात. ते स्प्रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना लावून आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे असतात. एकच बाजू जास्त आवळली, आकडा घसरला किंवा हवेच्या गनने घाई केली, की स्प्रिंग निसटते. व्हिडिओत हे दोन मिनिटांत होते, कारण करणाऱ्याचा हात बसलेला असतो आणि फसलेला प्रयत्न कुणी दाखवत नाही.

आणखी एक गोष्ट मुलाने ध्यानात घ्यावी. यांतले पुष्कळ व्हिडिओ अशा देशांतून येतात जिथे मिस्त्रीच्या एका तासाची मजुरी फार मोठी असते. आपल्याकडे या कामात मजुरीचा वाटा लहान आणि सुट्या भागांचा मोठा. चांगले यंत्र, जॅक, दोन मजबूत स्टँड आणि टॉर्क रेंच एका कामासाठी घेतले, तर वाचलेली मजुरी त्यातच जाते.

मागच्या चाकांची गोष्ट बऱ्याच छोट्या गाड्यांत वेगळी आहे. तिथे शॉकअप आणि स्प्रिंग स्वतंत्र असतात. नुसता शॉकअप दोन बोल्टांवर निघतो आणि स्प्रिंग दाबावी लागत नाही. हे काम शिकायचे असेल तर जाणत्या माणसाला सोबत घ्यावे. गाडी नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नये, स्टँडवरच ठेवावी. शॉकअप सुटला की मागचा दांडा खाली येतो, म्हणून त्याला खालून आधार द्यावा. मात्र काही गाड्यांत मागेही स्प्रिंग शॉकअपवरच बसवलेली असते. तशी दिसली तर हात लावू नये.

गॅरेजमध्ये काय पाहावे

शॉकअप जोडीनेच बदलावेत, पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही. स्प्रिंगचेही तेच. एक नवी आणि एक जुनी असली तर गाडी ब्रेकमध्ये आणि वळणावर सारखी वागत नाही. पार्ट घेताना गाडीचे मॉडेल, साल, आणि पेट्रोल की सीएनजी, तेही सांगावे. सीएनजीच्या टाकीचे वजन मागच्या स्प्रिंगवर येते. जुना शॉकअप कापून, तेल भरून, वेल्डिंग करून दिलेला स्वस्तात मिळतो. तो घेऊ नये. बसलेल्या स्प्रिंगमध्ये रबरचे बफर घातले की गाडी वर दिसते, पण थकलेली स्प्रिंग थकलेलीच राहते.

खांब उघडलाच आहे तर माउंटिंग, बेअरिंग, आतला रबरचा ठोकळा आणि धूळ अडवणारे कव्हर त्याच वेळी पाहून घ्यावे. नंतर त्यांच्यासाठी तीच मजुरी पुन्हा पडते. नवा शॉकअप बसवण्यापूर्वी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडायला सांगावे, म्हणजे आतली हवा वर निघते. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करावीच, नाहीतर नवे टायर काही महिन्यांत एका कडेने झिजतात. जुने भाग मागून घ्यावेत आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घ्यावा.

शेवटचे पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे: स्प्रिंग कशाने दाबतात, आणि कोण दाबतो? चांगल्या गॅरेजात भिंतीला किंवा टेबलाला बसवलेले यंत्र असते. काही ठिकाणी मात्र तार, साखळी किंवा वाकलेले आकडे लावून भागवतात, आणि स्प्रिंग धरायला उस्तादाजवळ शिकणारा लहान मुलगा उभा असतो. गॅरेजच्या कामावर आपली किती घरे उभी राहिली आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे. उस्तादाच्या हाताखाली हुनर शिकणे ही मानाची गोष्ट आहे. पण १४ वर्षांखालच्या मुलाला गॅरेजमध्ये कामाला ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, आणि १६-१७ वर्षांच्या पोरालाही दाबलेल्या स्प्रिंगसमोर उभे करणे योग्य नाही.

आपण "दोनशे कमी कर, तासाभरात दे" म्हणतो, तेव्हा ती घाई आणि ती काटकसर त्या मुलाच्या वाट्याला जाते. अम्मीला आपला मुलगा अंगणात स्प्रिंगपुढे बसलेला नको आहे. ते बरोबरच आहे. मग तीच काळजी दुसऱ्या आईच्या मुलासाठीही असू द्या. यंत्र नसेल तर गाडी दुसरीकडे न्या. यंत्र असेल आणि उस्ताद स्वतः काम करत असेल, तर शंभर-दोनशे जास्त गेले तरी घासाघीस करू नका.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीने टेप आणि टॉर्च मुलाच्या हाती द्यावी. त्याने मोजावे, पाहावे, कागदावर लिहावे आणि तो कागद घेऊन अब्बांबरोबर गॅरेजला जावे. तिथे उभे राहून काम पाहावे, प्रश्न विचारावेत. हात काळे करायची हौस असेल तर उस्तादाच्या परवानगीने चाकाचे नट त्यानेच खोलावेत. पुढच्या महिन्यात ब्रेकविषयी लिहू.