पाच वॉटचा दूरसंवाद

घरातील साधा एलईडी दिवा साधारणपणे ९ वॉट वीज घेतो. त्याहूनही कमी, म्हणजे अवघ्या ५ वॉट शक्तीवर एका खंडातून दुसऱ्या खंडाशी संवाद साधणारे हौशी लोक जगभर आहेत. हॅम रेडिओच्या जगात या पद्धतीला ‘क्यूआरपी’ असे नाव आहे. जहाजांच्या बिनतारी संदेशांसाठी जी सांकेतिक अक्षरे ठरविण्यात आली, त्यांतीलच ही तीन असून ‘शक्ती कमी करा’ हा त्यांचा अर्थ होय. मोर्स संकेतांसाठी ५ वॉट आणि प्रत्यक्ष बोलण्यासाठी १० वॉट ही तिची रूढ मर्यादा आहे.

इतक्या अल्प शक्तीवर काम कसे भागते, हे हिशेबाने सहज उमगते. सर्वसाधारण हॅम संच १०० वॉटचा असतो. ५ वॉट म्हणजे त्याचा विसावा हिस्सा. परंतु ग्राहक संचावरील मापकाचा काटा एक घर पुढे सरकण्यास शक्ती चौपट व्हावी लागते. म्हणून शक्ती विसाव्या हिश्श्यावर आली, तरी काटा दोन घरांहून किंचितच अधिक मागे येतो. सातव्या घरातील संदेश पाचव्या घरात ऐकू येतो, एवढाच फरक. उरलेली उणीव चांगली अँटेना, उंच जागा आणि शांत परिसर यांनी भरून काढता येते. शहरातील चार्जर व विजेची उपकरणे यांच्या खरखरीत दुर्बळ संदेश बुडून जातात. त्यामुळे ही मंडळी डोंगरमाथ्याची वाट धरतात.

या छंदाला शिस्त देणारा ‘समिट्स ऑन द एअर’ हा उपक्रम २ मार्च २००२ रोजी ब्रिटनमध्ये सुरू झाला. शिखरावरील केंद्र वाहनातून चालविता येत नाही, इंधनावरील जनित्र वापरता येत नाही आणि सर्व साहित्य स्वतः वाहून न्यावे लागते. एक संपर्क झाला तरी शिखराची नोंद होते; गुण मिळण्यास मात्र चार संपर्क लागतात. अनेक प्रदेशांत हिवाळ्यात उंच शिखरांसाठी ३ गुण अधिक मिळतात. अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या हौशी मंडळाने तर एक अशी हिवाळी स्पर्धा चालविली, की जिच्यात प्रत्येकाने आपल्या जागेचे तापमान समोरच्याला कळवायचे असते; पारा जितका खाली, तितका गुणाकार मोठा.

हे ३ गुण सहजासहजी मिळत नाहीत. हजार मीटर चढल्यास तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. वेल्समधील स्नोडन शिखर १०८५ मीटर उंच आहे. समुद्रकाठी ४ अंश सेल्सिअस असेल, तेव्हा माथ्यावर शून्याखाली ३ अंश असू शकतात. त्यात वारा वेगळाच. थंडीत बॅटरीची क्षमता घटते, म्हणून जाणकार ती कोटाच्या आत अंगाशी ठेवतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली वीज देऊ शकते. पण शून्याखाली ती चार्ज करू नये, कारण तिच्या आत लिथियम धातूचा थर साचून ती कायमची बिघडते. संचाचा पडदा मंदावतो, केबल ताठरते, शाईचे पेन चालत नाही. नोंदींसाठी शिसपेन्सिल बरी. अँटेनेसाठी सुमारे १० मीटर तार व एक हलका खांब पुरतो. गाठी, जोडण्या व खुणा घरीच तयार ठेवाव्यात, कारण मोजे काढून घालविलेले प्रत्येक मिनिट बोटांच्या ऊबेतून वजा होते.

खरी परीक्षा शेवटी असते. तीन संपर्क झाले आहेत, चौथा मिळत नाही, ऊन उतरले आहे आणि बोटांना मोर्सची कळ जाणवेनाशी झाली आहे, अशा वेळी ‘आणखी पाच मिनिटे’ हा मोह अनावर होतो. बोटे बधिर होणे, जीभ अडखळणे, साधे संकेत लिहिताना चुका होणे या शरीराच्या पूर्वसूचना आहेत. उतरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवून ती पाळणाराच अनुभवी समजला जातो. शिखर पुढच्या आठवड्यातही तेथेच असते. कमी शक्तीच्या संचाला संकटकाळचे साधन मानण्याचीही चूक करू नये. कोणी ऐकत असेल, तरच त्याचा उपयोग.

परतल्यावरही घाई नको. गार झालेला संच उबदार खोलीत उघडताच त्यावर दव साचते. तो शिखरावरच घट्ट पिशवीत बंद करावा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावा.

भारतात हॅम रेडिओसाठी केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाचा परवाना लागतो. बारा वर्षांवरील मुलांनाही परीक्षा देऊन तो मिळविता येतो. परवान्याविना प्रक्षेपण करणे गुन्हा आहे; ऐकण्यापासून मात्र उत्तम सुरुवात होते. घरातील मुलांना हा छंद लावायचा असेल, तर मोठा संच घेण्याआधी त्यांना कानाची सवय लावावी. जगभर हॅम मंडळी ‘७३’ म्हणून निरोप घेतात. क्यूआरपीवाले एक अंक कमी करून ‘७२’ म्हणतात. निरोपातसुद्धा काटकसर!