तुतारी आणि उंदीर

परवा एका काव्यसंमेलनात सूत्रसंचालकाने पुन्हा तेच ऐकवले: मर्ढेकरांनी छंदाच्या बेड्या तोडल्या आणि मराठी कविता मोकळी झाली. टाळ्याही पडल्या. या वाक्याने माझे पित्त किती खवळते, हे नेहमीच्या वाचकांना सांगायला नको. मुक्तछंदाचा झेंडा खांद्यावर घेतला तो कवी अनिलांनी. मर्ढेकर छंद सोडून पळाले नाहीत, त्यांनी तो राबवला.

मर्ढेकरांची पिंपातल्या मेलेल्या उंदरांची कविता बोटांवर मोजून पाहा. ओळीला १६ मात्रा, आठ-आठची दोन आवर्तने, सरळ पादाकुलक. आता केशवसुतांची १८९३ सालची ‘तुतारी’ मोजा. तेच पादाकुलक! आभाळ फोडायला निघालेली चाल १९४७ च्या ‘काही कविता’मध्ये मेलेल्या उंदरांपाशी येऊन पोचते.

‘तुतारी’चे पहिले कडवे पाच ओळींचे. मधल्या तीन ओळी एका यमकात, आणि पाचवी पहिलीशी यमक जुळवत तुतारीची मागणी पुन्हा करते. मागणी परत येते ती जोर धरून. चौथ्या ओळीचा उत्तरार्ध म्हणजे किंकाळीचा एकच शब्द, चारही अक्षरे गुरू. म्हणताना आवाज चढतोच. मर्ढेकरांच्या दुसऱ्या ओळीचा उत्तरार्धही एकाच शब्दाने व्यापलेला आहे, पण त्यात लघू अक्षरांची रांग लागते आणि आवाजाला टेकायला जागा उरत नाही. चौथ्या ओळीत तर दुसरीचा पूर्वार्ध जसाच्या तसा येतो, आणि शेवटी, दुसरीसारखेच, अभाव सांगणारे ‘विण’ हे अव्यय. नवे यमक शोधलेलेच नाही, तोच शब्द पुन्हा ठेवला आहे. केशवसुतांची पुनरुक्ती हाक वाढवते. इथे काहीच पुढे सरकत नाही, मरण तेवढे पुन्हा घडते.

मर्ढेकर आकाशवाणीत होते. तिथे त्यांचा कान आणखी तयार झाला असणार, असे मी मानतो. पुरावा मागू नका. आपला कान मात्र शाळेत मारला जातो, कारण तिथे वृत्त व्याकरणाच्या तासाला दोन गुणांसाठी आणि कविता वेगळ्या तासाला ‘मध्यवर्ती कल्पना’ लिहिण्यासाठी.

मराठीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. या दोन कविता एकाच तासाला, एकामागून एक, मोठ्याने वाचून घ्या, आणि अर्थ विचारण्याआधी मुलांना मात्रा मोजू द्या.