घरचें आरोग्य : उतरलेलें वजन आणि ओघळलेलें पोट

चाळीस-पन्नास किलो वजन ज्यांनीं नेटानें उतरविलें, त्यांचें कौतुक घरींदारीं होतें आणि तें योग्यच आहे. परंतु त्या यशामागून येणाऱ्या एका त्रासाविषयीं घरांत सहसा कोणी बोलत नाहीं. वर्षानुवर्षें ताणलेली पोटाची त्वचा वजनाबरोबर आटत नाहीं. ती घडी होऊन ओटीपोटावर लोंबत राहते. उन्हाळ्यांत त्या घडीखालीं घाम सांठतो, त्वचा लाल होऊन चिघळते, साडीच्या निऱ्या खोंचतांना अडचण होते आणि चारचौघांत वावरतांना मन संकोचतें. ही घडी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेस 'टमी टक' म्हणतात. ती केव्हां करून घ्यावी, याचा विचार या महिन्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या बाबतींत घरांत बहुधा दोन मतें पडतात. वडील मंडळी म्हणतात, "एवढें वजन उतरलें, आतां ही नसती हौस कशाला?" तरुण मंडळींस वाटतें कीं, वैशाखांतल्या लग्नाच्या आधीं एकदांचें उरकून टाकावें. आम्हांस हीं दोन्ही मतें मान्य नाहींत. त्वचेला लवचिकपणा देणारे तंतू अति ताणानें एकदां तुटले म्हणजे व्यायाम, तेल, लेप वा पट्टा यांपैकीं कशानेंही ते पूर्ववत् होत नाहींत. जिनें दोन वर्षें जिभेवर ताबा ठेवला, तिच्या त्रासास हौस म्हणणें अन्यायाचें आहे. आणि लग्नाच्या मुहूर्तावरून शस्त्रक्रियेची तारीख धरणें हें तर धोक्याचेंच आहे.

त्वचेच्या शस्त्रक्रिया म्हणजे परदेशी थेर, असाही एक आक्षेप ऐकूं येतो. पुण्याजवळ एका कारागिरानें कावसजी नांवाच्या गाडीवानाचें कापलेलें नाक कपाळाच्या त्वचेनें नवें करून दिलें, ही हकीकत १७९४ सालीं लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्यें छापून आली. तिच्यावरून स्फूर्ति घेऊन डॉ. कार्प्यू यांनीं १८१४ सालीं लंडनमध्यें तशी शस्त्रक्रिया केली. पोटावरील जादा त्वचा काढण्याच्या शस्त्रक्रियेची माहिती अमेरिकेंत बाल्टिमोर येथील डॉ. हॉवर्ड केली यांनीं १८९९ सालीं प्रसिद्ध केली. तेव्हां हाही प्रकार कालपरवांचा नव्हे.

शस्त्रक्रियेचें स्वरूप थोडक्यांत असें. ओटीपोटाच्या खालच्या बाजूस, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आडवा छेद घेतात. जादा त्वचा व तिच्याखालील चरबी काढतात. मध्यभागीं फांकलेले स्नायू टांक्यांनीं जवळ आणतात, आणि खालीं ओढलेल्या त्वचेंत नवें छिद्र करून बेंबी त्यांतून बाहेर घेतात. व्रण जन्मभर राहतो; वस्त्राखालीं झांकला जातो इतकेंच. स्नायूंस हात न लावतां केवळ लोंबती घडी काढण्याचीही एक रीत आहे, आणि वारंवार चिघळणें एवढीच तक्रार असल्यास ती पुरेशी होऊं शकते. यांपैकीं कोणतीही रीत वजन उतरविण्याचा उपाय मात्र नव्हे.

आतां वेळेच्या प्रश्नाकडे वळूं. पहिली कसोटी वजनाच्या कांट्याची. इच्छित वजन आल्यावर तें निदान ६ महिने स्थिर राहिलें पाहिजे. बॅरिआट्रिक शस्त्रक्रिया झालेली असल्यास तिच्यानंतर साधारणपणें १२ ते १८ महिने थांबावें. आधीं घाई केली आणि वजन आणखी दहा किलो उतरलें, तर त्वचा पुन्हां ओघळते. वाढलें तर पुन्हां ताणते. इंजेक्शनांनीं वजन उतरविणारांनीं दुप्पट सावध असावें. तीं बंद केल्यावर वजन परत वाढण्याचा संभव असतो. शिवाय त्यांच्यामुळें जठर सावकाश रिकामें होतें, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांस त्यांची कल्पना अवश्य द्यावी.

दुसरी कसोटी रक्ताची. जखम भरते ती अन्नाच्या बळावर. झपाट्यानें वजन उतरलेल्यांत प्रथिनें, लोह, ब-१२ व ड जीवनसत्त्व यांची उणीव वारंवार आढळते. त्यांतून आपलीं बरींच घरें शाकाहारी, आणि चातुर्मासांतील उपासांस आधार साबुदाण्याचा, ज्यांत पिष्टाखेरीज फारसें कांहीं नाहीं. म्हणून रक्ततपासणी आधीं करावी, आणि उणीव निघाल्यास डाळी, उसळी, दूध-दहीं व डॉक्टर देतील तीं औषधें घेऊन ती भरून काढावी. मधुमेह असल्यास तो आटोक्यांत आल्यावांचून पुढें पाऊल टाकूं नये.

तिसरी कसोटी तंबाखूची. सिगारेट असो, तपकीर असो, मिश्री असो वा पानांतला जर्दा असो, निकोटीन अंगांत गेलें कीं बारीक रक्तवाहिन्या आंखडतात. टांक्यांच्या कडेची त्वचा काळी पडून मरण्याची भीति असते. शस्त्रक्रियेपूर्वीं व नंतर निदान ४ आठवडे हें सर्व बंद पाहिजे, आणि डॉक्टरांपासून तें लपवूं नये.

चौथी कसोटी संततीची. पुढें मूल व्हावें अशी इच्छा असल्यास आधीं बाळंतपण, मग शस्त्रक्रिया हाच क्रम बरा. टमी टकनंतरही गर्भ राहूं शकतो व सहसा सुखरूप वाढतो. परंतु शिवलेले स्नायू पुन्हां ताणून केलेलें काम फुकट जाण्याचा संभव असतो. अर्थात् हा प्रश्न त्या पतिपत्नींचा आहे. तो ओटीवर चारचौघांत काढण्याचा नव्हे.

पांचवी कसोटी घराची. पहिले कांहीं दिवस वांकून चालावें लागतें. सांठणारें पाणी काढण्यास बहुधा नळ्या लावलेल्या असतात, आणि पोटास कांहीं आठवडे घट्ट पट्टा. नेहमीचें काम दोन ते चार आठवडे बंद, आणि जड उचलणें सुमारें ६ आठवडे वर्ज्य. पाण्याची बादली, भरलेला कुकर, गादी आणि अंगावर झेंपावणारें मूल, सर्वच जड समजावें. गणपति वा दिवाळी तोंडावर असतांना हें साधणार नाहीं. घरांत दहा माणसें असून तिसऱ्या आठवड्यांत तिलाच हंडा उचलावा लागत असेल, तर त्या घरानें अजून तयारी केलेली नाहीं असें आम्ही म्हणूं. जखमेंत पू होणें, टांके उसवणें, पायाच्या शिरेंत गुठळी होऊन ती फुप्फुसांत जाणें हे धोके सर्वांस ठाऊक असावेत. पोटरी सुजली किंवा दम लागला, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

सर्जन प्लास्टिक सर्जरींतील एम्. सीएच्. किंवा तत्सम पदवीचे आहेत ना, हें विचारण्यांत संकोच नसावा. सौंदर्यासाठीं केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाहीं. वैद्यकीय गरज असल्यास डॉक्टरांचा दाखला जोडून कंपनीकडून आधींच लेखी उत्तर घ्यावें.

निर्णय कोणाचा, तेंही सांगून टाकतों. सासूबाईंनीं अनुभवाचे शब्द सांगावेत, यजमानांनीं खर्चाचा मेळ घालावा. परंतु संमतिपत्रावर जिची सही, निश्चय तिचाच. घरांतील पुरुषासही हाच नियम. आणि एखादीनें "मला ही घडी खुपत नाहीं" म्हणून शस्त्रक्रिया केलीच नाहीं, तर तोही निर्णय तितकाच शहाणपणाचा.

तोंपर्यंत घडीखालचा भाग रोज धुऊन कोरडा ठेवावा, मऊ सुती कापड वापरावें, आणि चिघळल्यास त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावें. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस दिनदर्शिकेवर वजन लिहावें. सहा महिने आंकडा हलला नाहीं, म्हणजे तें पान घेऊन डॉक्टरांकडे जावें.