अन्नछत्रापलीकडचे केडगाव

ख्रिस्ती श्रद्धेतून भुकेल्यांसाठी उभे राहिलेले पुणे जिल्ह्यातले सर्वांत ठळक काम झाले ते जिल्ह्याच्या कोरड्या टोकाला. लोणावळ्यात वर्षाला 4,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, मावळातली भातखाचरे तुडुंब भरतात. लोणावळ्याहून रेल्वेमार्गाने पुणे ओलांडून दौंडकडे गेले की केडगाव लागते. तिथे 500 मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष चांगले म्हणतात. ख्रिस्ती झालेल्या समाजसुधारक पंडिता रमाबाईंनी इथे सुमारे 100 एकर जमीन घेतली ती दुष्काळासाठी नव्हे. 1889 मध्ये मुंबईत सुरू करून पुढे पुण्यास आणलेल्या शारदासदन या विधवांच्या शाळेला बॉस्टनच्या मंडळाने दहा वर्षे पैसे पुरवण्याचे कबूल केले होते. ती मुदत संपल्यावर बागायतीवर खर्च निघावा, एवढाच हिशेब होता.

तेवढ्यात 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून मुलींची सोय केडगावच्या माळावर करावी लागली. यातून मुक्तिसदन उभे राहिले. 1900 मध्ये गुजरात आणि राजपुतान्यातल्या मुली आल्यावर वस्ती 1,500 च्या वर गेली.

भूक रमाबाईंना ऐकून ठाऊक नव्हती. 1874 च्या सुमारास त्यांचे कुटुंब दक्षिणेत पुराणे सांगत फिरत असताना दुष्काळात सापडले. अकरा दिवस पाला, पाणी आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडील अनंतशास्त्री गेले, मग आई, पुढे थोरली बहीण. भीक मागायला अभिमान आड येई आणि अंगमेहनतीचे एकही काम हाताला ठाऊक नव्हते, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले. घरात शास्त्र भरपूर होते, पण त्याने चूल पेटेना.

केडगावची घडण या अनुभवाशी जोडून पाहिली तरच नीट कळते. आलेल्या मुलीला आधी जेवण, कपडा, औषधपाणी. लगेच अक्षरओळख आणि हाताला काम. विहिरी खणल्या गेल्या, शेती आणि दुभती जनावरे आली, विणकाम, शिवण, तेलघाणा आणि छापखाना सुरू झाला. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई; फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन वेगळे होते. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या हातांत दुष्काळातून आलेल्या मुलींचे हात होते. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर इथेच छापले गेले. ते 1924 मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, बाहेर आले.

आक्षेपही होतेच. धर्मांतराच्या वादातून 1893 मध्ये समाजसुधारक रानडे आणि भांडारकर शारदासदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तिथे निदान धार्मिक तटस्थतेचा करार होता. मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती होते आणि उपाशी मुलीला धर्म निवडण्याची मुभा कितपत राहते, हा प्रश्न रास्तच आहे. मात्र त्या वेळी सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडावी लागे, आणि निराधार मुलींना तिथून पळवून नेणारे दलाल टपलेले असत. विरोधकांपैकी फार थोड्यांनी अशा मुलींसाठी घर उघडले.

सरकारने 1919 मध्ये रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. मुक्तिसदनाचे काम केडगावात अजून चालू आहे.